शाळेच्या संगणकावर आकृती काढण्याचे साधन

(रत्नागिरी जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेले व्याख्यान)



वाशिष्ठीच्या काठी वाढणाऱ्या मुलाला नदी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहरात शिरलेले पाणी ज्या घरांनी पाहिले, त्या घरांतील मुलांना तर ते मुळीच सांगावयास नको. परंतु या नदीत येणारे पाणी कोठून येते असे विचारले की पुष्कळ मुले सह्याद्रीकडे बोट दाखवून थांबतात. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. वाशिष्ठीत पावसाचे पाणी येते, तसेच घाटमाथ्यापलीकडील कोयनेचेही पाणी येते. कोयना ही कृष्णेची उपनदी. महाबळेश्वरच्या परिसरात उगम पावून ती कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि तिच्याबरोबर पूर्वेकडे बंगालच्या उपसागराची वाट धरते. तिचे शिवसागर जलाशयात अडविलेले पाणी मात्र बोगद्यांतून पश्चिमेकडे आणले जाते. पोफळीच्या वीजगृहात १९६२ साली वीजनिर्मितीस आरंभ झाला. तेथून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात पुन्हा अडविले जाते, अलोरे येथे त्यापासून आणखी वीज काढली जाते, आणि शेवटी ते वाशिष्ठीस मिळून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत व तेथून अरबी समुद्रात जाते.

ही हकीकत समजावून देण्यासाठी शिक्षक फळ्यावर सात-आठ चौकटी काढतो आणि त्या बाणांनी जोडतो. दोन पाने वर्णन वाचून जे उमगले नसते ते वर्गाला दहा मिनिटांत उमगते. पण पुढचा तास सुरू होताच फळा पुसला जातो. पुढील वर्षी आकृती पुन्हा काढावी लागते, आणि मध्यंतरी शिक्षकाची बदली झाली तर ती काढली जाईलच असे नाही. बाजारात मिळणारे छापील तक्ते साऱ्या राज्यासाठी केलेले असतात. त्यांत जलचक्र असते, कोळकेवाडी नसते. आणि ते असावे अशी अपेक्षाही करता येत नाही. गावची आकृती गावच्या शाळेनेच काढावयास हवी.

आज पुष्कळ शाळांत संगणक आहे. तो लिनक्स या कार्यप्रणालीवर चालत असेल तर त्यावर आकृती काढण्याचे साधन कसे बसवावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे. साधन बसविणे हे काम अर्ध्या तासाचे आहे. परंतु ते अशा रीतीने बसवावे की त्यात मराठी अक्षर मोडू नये, काढलेली आकृती पुढे कोणासही दुरुस्त करता यावी, आणि शिक्षक बदलून गेला तरी ती शाळेत राहावी. या तीन अटी पाळल्या तरच त्या अर्ध्या तासाचे सार्थक होते.

लिनक्स आणि मुक्त आज्ञावली

संगणकाचे यंत्र आणि माणसाचे काम यांना जोडणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहून जगापुढे ठेवला. पुढे हजारो लोकांनी तो वाढविला. त्याभोवती आवश्यक त्या आज्ञावली रचून डेबियन, उबंटू, लिनक्स मिंट असे निरनिराळे संच तयार झाले. भारतातही, पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ नावाचा संच २००७ साली प्रसिद्ध केला. या संचांतील बहुतेक आज्ञावली मुक्त असतात. त्या वापरण्यास, त्यांची नक्कल करून शेजारच्या शाळेस देण्यास, त्यांची रचना पाहण्यास व बदलण्यास परवान्यानेच मुभा दिलेली असते.

शाळेच्या दृष्टीने या मुभेचे महत्त्व मोठे आहे. विकत घेतलेल्या आज्ञावलीची एक प्रत परवान्यावाचून दहा यंत्रांवर चढविणे हे कायद्याने गैर आहे, आणि मुलांना प्रामाणिकपणाचा पाठ देणाऱ्या संस्थेत तर ते अधिकच विसंगत दिसते. मुक्त आज्ञावलीच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी गोष्ट जुन्या यंत्रांची. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि तिच्यावर चालणारी कित्येक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशी यंत्रे आच्छादनाखाली धूळ खात ठेवण्यापेक्षा त्यांवर लिनक्स चढविल्यास ती आणखी काही वर्षे वर्गाची सेवा करू शकतात. केरळ राज्यात ‘आयटी ॲट स्कूल’ हा शालेय प्रकल्प २००१ साली सुरू झाला व पुढे त्याने मुक्त आज्ञावलींचा मार्ग पत्करला. आज तेथील ‘काइट’ ही संस्था शाळांसाठी उबंटूवर आधारलेला स्वतंत्र संच पुरविते. एका राज्याच्या शाळांनी जे केले ते एका जिल्ह्याच्या शाळांना अशक्य नाही.

तथापि येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. लिनक्स हे सर्व अडचणींवरील औषध नव्हे. एखादे छपाईयंत्र त्याच्याशी जुळत नाही, एखादी कार्यालयीन आज्ञावली त्यावर चालत नाही. यास्तव शाळेतील एकमेव यंत्र असेल तर त्यावर कार्यालयाचे कोणते काम चालते हे पाहिल्याखेरीज कार्यप्रणाली बदलू नये.

साधनाची निवड

आकृतीचे साधन व चित्राचे साधन यांत भेद आहे. चित्राच्या आज्ञावलीत काढलेली रेघ म्हणजे रंगीत ठिपक्यांची ओळ असते. एकदा उमटली की ती चौकटीपासून वेगळी काढता येत नाही. आकृतीच्या आज्ञावलीत चौकट ही चौकट म्हणून आणि बाण हा बाण म्हणून स्मरणात राहतो. त्यातही विशेष हा की बाणाचे टोक चौकटीस जोडता येते. मग ‘कोळकेवाडी’ ही चौकट उचलून दुसरीकडे ठेवली तर तिला जोडलेले बाण तिच्यामागून जातात. आकृती दुरुस्त करणे सोपे होते ते या गुणामुळे.

लिनक्सवर चालणारी अशी तीन साधने शाळेच्या उपयोगाची आहेत. पहिले लिब्रेऑफिस या कार्यालयीन संचातील ‘ड्रॉ’. लिब्रेऑफिस २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे झाले आणि लिनक्सच्या अनेक संचांत ते आरंभापासूनच असते. दुसरे ‘डाया’. मूळ अलेक्झांडर लार्सन यांनी लिहिलेले हे साधन केवळ चौकटी व बाण यांच्या आकृत्यांसाठीच आहे. ते आटोपशीर असल्यामुळे जुन्या यंत्रावरही चालते. मात्र त्याची वाढ अलीकडे मंद आहे. तिसरे ‘ड्रॉ डॉट आयओ’. हे महाजालावर चालणारे म्हणून प्रसिद्ध असले तरी त्याची यंत्रावर बसविण्याची स्वतंत्र आवृत्ती मिळते, व ती महाजालाच्या जोडणीवाचून काम करते. पावसाळ्यात ज्या शाळेची जोडणी दिवसेंदिवस बंद असते तिने ही गोष्ट लक्षात ठेवावी. नकाशाच्या वळणदार रेषा काढावयाच्या असतील तर ‘इंकस्केप’ हे साधन अधिक योग्य होय. पण तो विषय निराळा आहे.

नवशिक्या शिक्षकाने ड्रॉपासून आरंभ करावा. ते बहुधा यंत्रावर आधीच असते आणि त्यात मराठी मजकुराची सोय चांगली आहे. यंत्र जुने असल्यास डाया, व यंत्र नवे आणि जागा मुबलक असल्यास ड्रॉ डॉट आयओ घेण्यास हरकत नाही.

पूर्वतयारी

साधन बसविण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुख्याध्यापकांची संमती आणि यंत्राच्या व्यवस्थापकाचा गुप्तशब्द. लिनक्समध्ये नवी आज्ञावली बसविण्याचा अधिकार सर्वांना नसतो, व ही व्यवस्था चांगलीच आहे. दुसरी, यंत्रावरील महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवणे. तिसरी, यंत्रात मोकळी जागा किती आहे ते पाहणे. चौथी, यंत्र ६४ बिटांचे आहे की ३२ बिटांचे, हे जाणून घेणे. उबंटूने ३२ बिटांच्या यंत्रांसाठी आपला नेहमीचा संच देणे २०१७ साली थांबविले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीतही त्यांसाठी स्थापनेची सोय नाही. ड्रॉ डॉट आयओची यंत्रावरील आवृत्तीही ६४ बिटांच्या यंत्रावरच चालते. फार जुन्या यंत्रावर जे चालू आहे तेच सांभाळावे.

प्रत्यक्ष स्थापना

लिनक्समध्ये आज्ञावली वाटेल तेथून आणावयाची नसते. प्रत्येक संचाचे स्वतःचे भांडार असते. शालेय पोषण आहाराचा तांदूळ जसा नेमलेल्या गोदामातून, मोजून व नोंद करून येतो, तशीच ही व्यवस्था आहे. भांडाराच्या यादीवर अंकीय स्वाक्षरी असते; आलेला माल त्या यादीशी जुळतो की नाही हे यंत्र स्वतः तपासते. एखाद्या आज्ञावलीला चालण्यासाठी दुसऱ्या दहा लहान आज्ञावली लागत असतील तर त्याही भांडारातून आपोआप येतात. म्हणून भांडारात मिळत असलेली वस्तू बाहेरून आणू नये.

स्थापनेचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग चित्ररूप आहे. उबंटू किंवा मिंटच्या सूचीत आज्ञावलींचे एक दालन असते. ते उघडून शोधाच्या जागी साधनाचे नाव रोमन अक्षरांत लिहावे, समोर आलेल्या नोंदीवर टिचकी मारावी, ‘इन्स्टॉल’ असे लिहिलेली कळ दाबावी आणि गुप्तशब्द द्यावा. एवढे केले की काम संपते.

दुसरा मार्ग लेखी आज्ञेचा. ‘टर्मिनल’ नावाची खिडकी उघडून तीत आज्ञा टंकावी लागते. डेबियन, उबंटू, मिंट व बॉस या संचांत प्रथम ‘सुडो एपीटी अपडेट’ ही आज्ञा रोमन अक्षरांत, तीन शब्दांत जागा सोडून द्यावी. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ; एपीटी ही ए-पी-टी अशी तीन अक्षरे. या आज्ञेने भांडाराची ताजी यादी यंत्रावर येते. त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल डाया’ ही आज्ञा द्यावी. डाया म्हणजे डी-आय-ए. सर्व अक्षरे लहान लिपीतीलच असावीत. सुडो याचा अर्थ एवढाच की पुढील काम व्यवस्थापकाच्या अधिकाराने व्हावे.

येथे नवशिक्यास तीन ठिकाणी अडखळावयास होते. गुप्तशब्द टंकताना पुष्कळ संचांत पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबही नाही. कळफलक बिघडला असे समजून कित्येक जण येथेच थांबतात. वस्तुतः अक्षरे जात असतात. शब्द पूर्ण टंकून एंटरची कळ दाबावी. दुसरे, कधी कधी ‘लॉक’ हा शब्द असलेली सूचना येते व काम होत नाही. यंत्र चालू होताच ते पार्श्वभूमीवर स्वतःची सुधारणा करीत असते, आणि एका वेळी एकालाच भांडारात प्रवेश मिळतो. दहा मिनिटे थांबून आज्ञा पुन्हा द्यावी. यंत्र मध्येच बंद करू नये. तिसरे, यंत्र आलेल्या आज्ञावलीची यादी व तिला लागणारी जागा दाखवून संमती विचारते. ती यादी वाचावी. तीत काही काढून टाकले जाणार असल्याचा उल्लेख दिसला तर संमती न देता जाणत्यास विचारावे.

ज्या शाळेत जोडणीच नाही तिने काय करावे? सर्वांत सुलभ उपाय म्हणजे यंत्र केंद्रशाळेत किंवा जोडणी असलेल्या ठिकाणी नेऊन स्थापना करून आणणे. ते शक्य नसल्यास ड्रॉ डॉट आयओसारखे साधन एकाच फायलीच्या रूपात पेन ड्राइव्हवरून आणता येते. या प्रकारास ‘ॲपइमेज’ म्हणतात. ही फाइल यंत्रावर उतरवून, तिच्या गुणधर्मांच्या पानावर ‘चालविण्याची परवानगी’ या अर्थाच्या नोंदीस खूण केली की ती थेट उघडते. उबंटूच्या २०२२ पासूनच्या आवृत्तींत मात्र त्यासाठी ‘लिबफ्यूज’ नावाची एक पूरक आज्ञावली बहुधा आधी बसवावी लागते. अशी फाइल मूळ निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरविलेली असावी. कोणाकडून कोणाकडे फिरत आलेली प्रत स्वीकारू नये.

मराठी अक्षरांची परीक्षा

साधन उघडले म्हणजे स्थापना संपली असे मानण्याची घाई होते. मराठी शाळेसाठी खरी परीक्षा येथून पुढे आहे. तिला तीन गोष्टी लागतात: मराठी अक्षरे दाखविणारा फॉन्ट, ती टंकण्याची सोय, आणि जोडाक्षरे योग्य रीतीने जुळविणारी आज्ञावली.

फॉन्टसाठी ‘लोहित’ अथवा ‘नोटो’ या मालिकांतील देवनागरी फॉन्ट भांडारातून घ्यावेत; तेही मुक्त आहेत. टंकण्यासाठी कळफलकाच्या रचनेत मराठी ही भाषा जोडावी. ज्यांना इनस्क्रिप्टची सवय आहे त्यांनी ती रचना निवडावी. उच्चारानुसार टंकणाऱ्यांसाठीही निराळी रचना मिळते. लिब्रेऑफिसमध्ये आणखी एक गोष्ट करावी लागते. तेथे रोमन लिपी व देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिपी यांचे फॉन्ट वेगवेगळे ठरविलेले असतात. पर्यायांच्या पानातील भाषाविषयक भागात जोडाक्षरी लिपीची सोय चालू करून तीत मराठी निवडावी. हे न केल्यास शिक्षक फॉन्ट बदलीत राहतो आणि अक्षर मात्र बदलत नाही. लिब्रेऑफिसमधील सूचनाही मराठीत दिसाव्यात असे वाटल्यास त्याचा भाषासंच भांडारातून वेगळा मिळतो.

यानंतर एका चौकटीत पुढील शब्द टंकावेत: ‘वाशिष्ठीच्या खोऱ्यातील शाळा’. या तीन शब्दांत मराठीच्या बहुतेक परीक्षा येतात. ‘शि’मधील ऱ्हस्व वेलांटी टंकली जाते श नंतर, पण दिसावयास हवी श पूर्वी. ‘ष्ठी’ हे जोडाक्षर पाय मोडलेल्या तुकड्यांत न दिसता एकजीव दिसले पाहिजे. ‘ऱ्या’मधील र चंद्रकोरीसारखा वळला पाहिजे, रफार होऊन वर जाता कामा नये. ‘ळ’ मराठी वळणाचा असावा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात २००८ साली आले. म्हणून फार जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. ‘बॅट’ दिसते आणि ‘ॲप’ दिसत नाही असे झाले तर दोष शिक्षकाचा नव्हे, फॉन्टचा आहे असे समजावे. ही परीक्षा पडद्यावर घ्यावी, आणि पीडीएफ करून कागदावरही घ्यावी. कारण पडद्यावर नीट दिसणारे अक्षर कधी कधी छपाईत मोडते. विशेषतः डाया वापरणाराने ही परीक्षा आकृती काढण्यापूर्वीच घ्यावी.

शाळेत पूर्वी टंकलेला मजकूर युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये असेल तर तो लिनक्सवर निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसेल. तो नव्याने टंकावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावयाचे आहे.

पहिली आकृती

आता कोयनेची आकृती घ्यावी. प्रथम सर्व चौकटी काढून त्यांत नावे लिहावीत. बाण मागाहून काढावेत. डावीकडे पश्चिम, उजवीकडे पूर्व हा नकाशाचा संकेत पाळावा, म्हणजे पाणी उजवीकडून डावीकडे वाहील आणि मुलांच्या मनातील दिशा बिघडणार नाही. ड्रॉमध्ये साधी रेघ व जोडरेषा ही दोन निरनिराळी साधने आहेत. बाणांसाठी जोडरेषाच घ्यावी व तिचे टोक चौकटीच्या काठावरील बिंदूस चिकटू द्यावे. डायामध्ये रेषेचे टोक जोडले गेले म्हणजे तेथील खुणेचा रंग बदलतो. आकृती पुरी होताच एक चौकट ओढून पाहावी. बाण मागून आले तर जोडणी खरी. मागे राहिले तर ती केवळ दिसण्यापुरती आहे.

मग आकृतीच्या सत्याकडे वळावे. बाण प्रवाहाची दिशा सांगतो, त्याचे प्रमाण सांगत नाही. वाशिष्ठीकडे येणारा कोयनेचा एकच बाण काढला तर मूल असे समजेल की २०२१ चा पूर त्याच पाण्याने आला. तो बाण गाळला तर असे समजेल की त्या पाण्याचा नदीशी संबंधच नाही. त्या पुराच्या निमित्ताने अतिवृष्टी, समुद्राची भरती, नदीपात्रातील गाळ व धरणातील विसर्ग या सर्वांची चर्चा झाली होती. ज्या मुलांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यासमोर ही आकृती ठेवताना एका बाणाने कोणावर दोष लादला जात नाही ना, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. म्हणून पावसाचे बाण तुटक रेषेचे, बोगद्यातून येणाऱ्या पाण्याचे बाण सलग रेषेचे, आणि भरतीचा बाण उलट दिशेचा काढावा, व कोपऱ्यात या खुणांचा खुलासा लिहावा.

अशी आकृती वर्गात दाखविली की कोणी तरी मूल म्हणेल, ‘आमचा पऱ्या यात कोठे आहे?’ खेडकडील मूल विचारील की जगबुडी का नाही. तीही वाशिष्ठीसच मिळते. छापील तक्त्यापुढे या प्रश्नाला उत्तर नसते. येथे शिक्षक मुलाच्या देखत एक चौकट वाढवितो, तीत पऱ्याचे नाव लिहितो आणि बाण जोडतो. आपल्या दारातील ओढा अरबी समुद्रापर्यंत पोचला हे त्या मुलाला तेव्हा दिसते. साधन बसविण्याचा सारा खटाटोप या एका क्षणासाठी आहे.

आकृती शाळेची राहावी म्हणून

प्रत्येक आकृती दोन रूपांत ठेवावी. एक, साधनाची मूळ फाइल, जी पुन्हा उघडून दुरुस्त करता येते. दुसरी पीडीएफ, जी कोणत्याही यंत्रावर जशीच्या तशी दिसते व छापता येते. केवळ पीडीएफ ठेवणारा शिक्षक पुढच्या शिक्षकाला पुसता न येणारा फळा देऊन जातो. ड्रॉची फाइल खुल्या प्रमाणित स्वरूपात असते. हे स्वरूप २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले आहे, त्यामुळे उद्या साधन बदलले तरी आकृती उघडण्याची आशा राहते. फायलीच्या नावात इयत्ता, विषय व वर्ष असावे. ‘नवीन’, ‘नवीन एक’, ‘शेवटची’ अशी नावे देऊ नयेत. दोन महिन्यांनी ती देणाऱ्यालाही कळत नाहीत.

सर्व आकृत्यांची एक प्रत यंत्राबाहेर, पेन ड्राइव्हवर, शाळेच्या कपाटात असावी. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांत शाळांची छपरे उडाली, आणि पुढच्याच वर्षी चिपळूणला पूर आला. या जिल्ह्यातील शाळेला ‘प्रत कशाला हवी’ असा प्रश्न पडू नये. पावसाळ्यात ती प्रत उंचावरील, कोरड्या जागी व शक्य तर दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

शाळेचा संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंदलेला असतो; त्यातील आकृत्यांची नोंद मात्र कोठेच नसते. एक साधी वही घालून तीत आकृतीचे नाव, इयत्ता, कोणत्या साधनात काढली, कोणता फॉन्ट वापरला आणि मूळ फाइल कोठे आहे, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. बदली झालेल्या शिक्षकाने कार्यभार देताना ही वहीही द्यावी, व नव्या शिक्षकासमोर एक आकृती उघडून, तीत एक शब्द बदलून दाखवावा. दहा मिनिटांच्या या रीतीने पाच वर्षांचे काम वाचते. ज्यांना साधनाचा अभ्यास पुढे वाढवावयाचा असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात लिब्रेऑफिसविषयीचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

मर्यादा

शेवटी साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. संगणकावरील आकृती कितीही सुबक असली तरी ती मुलाच्या हाताची जागा घेऊ शकत नाही. मुलांनी आधी अंगणातील मातीत काठीने नदी काढावी, पाणी ओतून ते कोठे जाते ते पाहावे, मग पाटीवर वा वहीत चौकटी मांडाव्यात, संगणक त्यानंतर. शिक्षकानेही प्रथम कागदावर आराखडा करावा. ज्याची आकृती कागदावर गोंधळलेली आहे त्याची पडद्यावर सुसूत्र होत नाही. आणि वीज नसेल त्या दिवशी फळा व खडू हेच साधन खरे, हे विसरू नये.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. त्या वर्षापासून आजवर कित्येक शिक्षकांनी या जिल्ह्यातील फळ्यांवर नद्या, डोंगर, खाड्या काढल्या आणि पुसल्या. त्यांतील किती आकृत्या उत्तम होत्या हे आज कोणासही सांगता येणार नाही, कारण त्या उरल्या नाहीत. यापुढे काढल्या जाणाऱ्या आकृत्या उराव्यात, पुढच्या शिक्षकाने त्या उघडाव्यात, त्यांतील चूक सुधारावी व आपल्या वाडीचा पऱ्या त्यांत जोडावा. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांतील प्रत्येक केंद्रात या वर्षी एका शाळेने आपल्या गावच्या पाण्याची एक आकृती काढून ती शेजारच्या शाळेस दिली, तरी या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.